तेलाच्या थेंबांमागून

वागिरान गाडीखाली झोपतो असं आमच्या तळ्याकाठच्या बान्यूबिरू गावात सगळे म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. त्याचं गॅरेज माझ्या कॉफीच्या टपरीच्या अगदी समोर होतं, त्यामुळे मी रोज बघायची. गाडीच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले, चपला बाजूला नीट लावून ठेवलेल्या, आणि पाय अगदी गप्प. गिऱ्हाईक येऊन हाका मारायचं, "लिक! लिक वागिरान!" लिक म्हणजे काका. लहानथोर सगळे त्याला लिकच म्हणायचे. मी तेवढी वयानं मोठी म्हणून नावानं हाक मारायची, आणि तो मला यू म्हणायचा, म्हणजे ताई.

पण ती झोप आळशाची नव्हती. जुन्या गाडीचं इंजिन तेल गाळायला लागलं की ते नेमकं कुठून गळतंय हे कळणं फार अवघड असतं. तेल एकीकडून निघतं, वाऱ्यानं आणि उतारानं भलतीकडे जातं, आणि थेंब तिसऱ्याच जागी पडतो. वागिरान आधी सगळं इंजिन रॉकेलनं धुऊन घ्यायचा, फडक्यानं कोरडं करायचा, आणि तान्ह्या बाळाला लावतात ती पांढरी पावडर त्यावर फुंकायचा. मग इंजिन चालू करून स्वतः खाली चटईवर आडवा व्हायचा. त्या पांढऱ्यावर पहिली काळी रेघ कुठून उमटते ते बघत राहायचं, एवढंच काम. बघता बघता डोळा लागायचा. कपाळावर थेंब पडला की जाग यायची.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दुपारी माझ्याकडे सोयाबीनचं तळलेलं टेंपे खायला आला की स्वप्नं सांगत बसायचा.

"यू, आज तळ्याचं पाणी तेलासारखं जाड झालं होतं. मी वरून चालत पलीकडे गेलो. एक लाट नाही."

"पलीकडे काय होतं?"

"पोचायच्या आत थेंब पडला ना कपाळावर."

एवढ्या गाड्या नीट केल्या, पण स्वतः कधी गाडीत बसून लांब गेला नव्हता. त्याच्याकडे एक खडखडणारी मोटारसायकल होती तेवढी. "मला सगळ्या गाड्या खालून माहीत आहेत," तो म्हणायचा. "वरून त्या कशा दिसतात ते मालकांना विचारा."

त्या उन्हाळ्यात हेरुतोमो त्याच्या बापाची गाडी घेऊन आला. ती गाडी तळ्याकाठच्या प्रत्येकाला ठाऊक होती. पाठीला गोल, बाटलीसारखी हिरवी, जुनी विलायती. कॉफीच्या मळ्यावरचा डच डॉक्टर देश सोडून गेला तेव्हा ती हेरुतोमोच्या बापाला, पाक मंत्रींना, देऊन गेला होता. पाक म्हणजे बाबा, आणि मंत्री हा आमच्याकडे लस टोचणाऱ्याचा हुद्दा. त्यांचं खरं नाव सास्त्रो; त्यांनी आख्ख्या तळ्याभोवतीच्या पोरांना देवीची लस टोचली, म्हणून त्यांचं नावच पाक मंत्री पडलं. माझ्या दंडावरचे वण त्यांचेच आहेत.

हेरुतोमो समारांग शहरात बँकेत होता, रविवारी आईवडिलांकडे यायचा. त्या दिवशी बापही गाडीत बसलेला होता, मांडीवर पत्र्याची जुनी पेटी घेऊन.

"लिक, अंगण काळंकुट्ट झालंय," हेरुतोमो म्हणाला. "परवा आई त्या तेलावरून घसरली. मनगट सुजलंय. कुठून गळतंय, किती गळतंय, मला काही माहीत नाही. एक थेंब पडता कामा नये."

पाक मंत्रींनी काचेतून वागिरानकडे बघितलं. "तुझ्या धाकट्याला ताप आला होता ना रे? उतरला का?"

वागिरानला धाकटा नव्हता, थोरलाही नव्हता. तरी तो म्हणाला, "उतरला, पाक मंत्री."

"छान. अंघोळ घालू नका आठ दिवस."

हेरुतोमोनं मान दुसरीकडे वळवली. म्हाताऱ्याचं डोकं गेली काही वर्षं असंच चाललं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

गाडी वागिरानकडे राहिली. त्यानं तिला ठोकळ्यांवर चढवलं, धुतली, पावडर फुंकली, आणि पडून राहिला. त्या इंजिनाला एका जागी गळती नव्हती. वरच्या झाकणातून, बाजूच्या झाकणातून, खालच्या तेलाच्या परातीच्या कडेनं, आणि मागच्या बाजूनं जिथे इंजिन गिअरपेटीला जोडतात तिथूनही. जणू सगळ्या अंगाला घाम फुटला होता. दुसरा कोणी असता तर त्यानं सगळे बोल्ट करकचून आवळले असते. वागिराननं तसं काही केलं नाही. दुपारी माझ्याकडे आला तेव्हा तोंडात घास तसाच धरून बसला.

"यू, एखादं माणूस चहूकडून फुटायला लागलं तर त्याचं काय बिघडलं असेल?"

"नवरा वाईट असेल."

तो हसला नाही. एकदम उठला आणि रस्ता ओलांडून गेला. थोड्या वेळानं हातात एक वाकडी नळी घेऊन परत आला. इंजिनाच्या आत कोंडणारी वाफ बाहेर जावी म्हणून ती नळी असते. गांधीलमाशीनं त्यात मातीचं घर केलं होतं, आणि वर वर्षानुवर्षांचा चिकट काळा गाळ बसला होता.

"श्वास कोंडला होता बिचारीचा," तो म्हणाला. "आत वाफ दाटली की तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडणारच."

नळी साफ केली, आणि मागची गळती आपोआप थांबली. बाकीच्या जागी त्यानं नवीन बुचाचे पट्टे कापून बसवले. पूर्वी कोणीतरी आवळून आवळून झाकणांच्या कडा वाकवल्या होत्या, त्या लाकडावर ठेवून हलक्या हातानं ठोकून सरळ केल्या. ते टकटक सकाळभर चालू होतं, सुतारपक्ष्यासारखं. शेवटी गाडीखाली कोरं कापड पसरलं आणि इंजिन चालू ठेवलं. कापडावर डाग पडला नाही. त्यानं ते कापड मला दाखवायला आणलं, लग्नातली साडी दाखवावी तसं उलगडून.

त्याच दुपारी बू राहायू सायकलरिक्षातून आल्या. पाक मंत्रींची बायको, म्हणून त्यांना सगळे बू, म्हणजे आई, म्हणायचे. एक मनगट फडक्यानं बांधलेलं, केस मात्र नेहमीसारखे चापूनचोपून. माझ्या बाकावर बसल्या, कॉफी घेतली आणि वागिरानला बोलावलं.

"गळती थांबवलीत?"

"पूर्ण, बू." तो कापड उलगडायला लागला.

"मग थोडी परत चालू करा."

मी किटली खाली ठेवली.

"हसू नका, यू जुमिराह," बू राहायू मला म्हणाल्या, मी हसत नव्हते तरी. "ते सकाळी गाडी काढून जातात. मी मागे स्वयंपाकात असते. कुठे जातात ते त्यांनाही सांगता येत नाही. मी टांगा करते आणि रस्त्यावरचे थेंब बघत जाते. जिथे थांबतात तिथे मोठा डाग पडतो. आजवर दर वेळी सापडले."

"चावी लपवा ना, बू."

"लपवली होती. मग पायी गेले. पायानं डाग पडत नाहीत, लिक. संध्याकाळी उसाच्या शेतात सापडले, चप्पल हरवलेली. शिवाय चावी सापडली नाही की दारात उभे राहून रडतात, पोरं वाट बघतायत म्हणतात. मला ते बघवत नाही."

"पण हेरुतोमो..."

"त्याला यातलं काही सांगू नका. त्याला कळलं तर तो गाडी विकेल आणि आम्हाला समारांगला नेऊन ठेवेल, दहा पावलांच्या घरात. तिथे हे महिनाभर जगणार नाहीत."

वागिराननं कापडाची घडी घातली आणि म्हणाला, "बू, मी आजवर गळती काढत आलोय. लावली कधीच नाही."

"तर आता लावा. मला दुसरं कोणी माहीत नाही."

त्यानं लावली. तेल बदलताना जो खालचा बोल्ट काढतात, त्याच्या वॉशरला कानशीनं बारीक खाच पाडली. थेंब फार भरभर पडला तर इंजिन कोरडं पडेल, फार हळू पडला तर रस्त्यावर माग राहणार नाही. तो पुन्हा पुन्हा खाली शिरायचा, पुन्हा बाहेर यायचा. मी ओरडून विचारलं, "काय रे, आता गळत्या बसवायचं दुकान काढणार का?" तर म्हणाला, "यू, काढण्यापेक्षा हे अवघड आहे." चेहऱ्यावर चोरी करणाऱ्याची कळा होती. बू राहायूंना बजावलं, रोज सकाळी तेल बघून तांब्याभर ओतायचं आणि घरी गाडीखाली परात ठेवायची.

पुढच्याच रविवारी हेरुतोमोनं ती परात बघितली. तो आला तेव्हा टपरीवर चारचौघं बसली होती.

"लिक, हीच का तुमची दुरुस्ती?"

वागिराननं हातातली कॉफी बाकावर ठेवली.

"एवढं नाव ऐकलं होतं तुमचं. अंबारावापर्यंतचे लोक तुमच्याकडे पाठवतात. आणि साधा बोल्ट नीट बसवता येत नाही? गाडीखाली झोपायचं सोडून जरा काम केलं असतंत तर!"

बाकावरची माणसं हसली. मला वाटलं आता बोलेल. माझ्याच जिभेवर आलं होतं सगळं. पण वागिरान फक्त म्हणाला, "चुकलं माझं. बघतो पुन्हा." त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या गॅरेजला गेली.

मग तो दिवस आला. सकाळी तेलोमोयो डोंगराच्या उतारावरून धुकं तळ्यापर्यंत आलं होतं. बू राहायू धापा टाकत टपरीवर आल्या. पाक मंत्री पहाटेच निघाले होते, आणि एकही टांगा मिळत नव्हता. वागिराननं मोटारसायकल बाहेर काढली.

"बू, या हातानं तुम्हाला मागे धरून बसता यायचं नाही. यू, तू चल. माझी नजर लांबचं धरत नाही. तू थेंब सांग."

मी चुलीवर पाणी ओतलं आणि मागे बसले.

असा प्रवास मी पुन्हा कधी केला नाही. पुढे दहा हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. झाडं धुक्यातून येत होती आणि धुक्यात जात होती. मी वाकून रस्ता बघत होते आणि सांगत होते, "आहे... आहे... हा आहे." करड्या रस्त्यावर काळे थेंब, एकामागून एक, मोडलेल्या माळेतले मणी पडत गेल्यासारखे. वागिरान हळू चालवत होता. मध्येच म्हणाला, "यू, हे जागेपणी चाललंय ना?"

"मी तुझ्या स्वप्नात कशाला येईन रे मरायला?"

पहिला मोठा डाग एका घरापुढे होता. आत एक म्हातारा कोंबड्यांना दाणे टाकत होता. "पाक मंत्री? येऊन गेले ना. माझा दंड बघितला, वण बघितले, छान धरलीय म्हणाले. गेल्या महिन्यातही आले होते. मी शर्ट काढून दाखवतो. त्यांना बरं वाटतं, आपलं काय जातं?"

दुसरा डाग एका शाळेच्या फाटकाशी. तिसरा एका घरापुढे, तिथल्या बाईनं सांगितलं की तिच्या सासूला विचारत होते, आणि सासू तर वारली. तेव्हा वागिरानला उमगलं. त्यानं गाडी थांबवली.

"हे हरवत नाहीत, यू. कामावर जातात. लस टोचल्यावर धरली की नाही ते बघायला आठवड्यानं परत जायचे ना? तेच चाललंय. ही त्यांची फेरी आहे."

पुढे थेंब पक्का रस्ता सोडून तळ्याकडच्या मातीत उतरले आणि मातीनं ते पिऊन टाकले. पण चाकोऱ्या होत्या. गाडी काठाशी उभी होती, दार उघडं. पाक मंत्री गुडघ्याएवढ्या चिखलात, जलपर्णीच्या मधोमध उभे होते, पत्र्याची पेटी डोक्यावर धरून. समोर नुसतं पाणी आणि धुकं.

"बियाह!" ते हाका मारत होते. "न्दुक बियाह! दार उघड!" न्दुक म्हणजे पोरी.

तिथे पूर्वी वस्ती होती. तळं वाढवलं तेव्हा ती वर टेकाडावर सरकली. मी लहान असतानाची गोष्ट.

वागिराननं चपला काढल्या आणि चिखलात शिरला. मला वाटलं हात धरून ओढून आणेल. तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि पाण्याकडेच बघत म्हणाला, "पाक मंत्री, त्यांनी घर बदललंय."

"मला कोणी कळवलं नाही."

"राहून गेलं. वर टेकाडावर राहतात. चला, पेटी मी घेतो."

पाक मंत्रींनी त्याच्याकडे नीट बघितलं. "तू नवीन आहेस का? उशीर करतोस रोज."

"आजपासून नाही करणार."

टेकाडावर विचारत विचारत गेलो. बियाह, म्हणजे रुबियाह नावाची बाई, खरंच होती. पन्नाशीला आलेली, अंगणात जलपर्णीचे दांडे वाळत घालत होती. वागिराननं तिच्या कानात दोन वाक्यं सांगितली असतील नसतील. तिनं हात पुसले, बाही वर केली आणि पाक मंत्रींपुढे पायरीवर बसली. त्यांनी चष्मा लावला. तिच्या दंडावरच्या वणांवरून अंगठा फिरवला, खूप वेळ.

"हिची पहिल्यांदा धरली नव्हती," ते आम्हाला म्हणाले, आणि आवाज अगदी स्वच्छ होता. "दुसऱ्यांदा टोचायची राहिली होती. नदीला पूर आला, मला येता आलं नाही. तेव्हापासून मनात आहे."

"नंतर धरली, पाक मंत्री," रुबियाह म्हणाली. "तुमच्यानंतर दुसऱ्या कोणी टोचली. बघा ना, मी आहे की."

"आहेस." त्यांनी बाही खाली ओढून दिली. "आहेस खरी." मग पायरीवर बसले, तिनं दिलेलं गरम पाणी प्याले, आणि तिथेच खांबाला टेकून झोपी गेले. धुकं विरळ व्हायला लागलं होतं.

परत येताना त्यांची गाडी वागिरान चालवत होता, मी मागच्या सीटवर. मोटारसायकल रुबियाहच्या अंगणात ठेवली. वागिरान चाक घट्ट धरून पुढे बघत होता.

"वरून बरी दिसते की गाडी," मी म्हणाले.

"यू, पावसाळ्यात थेंब धुऊन जातील," तो म्हणाला. तेवढंच.

पाक मंत्रींच्या घरी पोचल्यावर त्यानं अंगणातच बोल्ट काढला, खाचेचा वॉशर फेकून दिला आणि नवा तांब्याचा, आधी चुलीत लाल करून, मग पाण्यात बुडवून मऊ केलेला, बसवला. बू राहायू ओट्यावरून बघत होत्या.

"लिक, हे काय करताय?"

"गळती काढतोय, बू. त्यांना एकटं जाऊ द्यायचं नाही. बाजारच्या दिवशी माझं गॅरेज बंद असतं. त्या दिवशी मी नेईन, फेरीला."

"इतर दिवशी दारात उभे राहतील."

"त्यांना सांगा, नवीन माणूस बाजारच्या दिवशीच येतो. सरकारी हुकूम आहे म्हणा. हुकूम ते कधी मोडायचे नाहीत."

आणि खरंच, त्यांनी मोडला नाही. दारात यायचे, विचारायचे, हुकूम ऐकायचे आणि कुरकुरत आत जायचे.

हेरुतोमोला सगळं आईनंच सांगितलं, त्याच रविवारी. तो गॅरेजवर आला. वागिरान गाडीखाली होता, पाय बाहेर. हेरुतोमो त्या पायांपाशी उकिडवा बसला.

"लिक, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

खालून आवाज आला, "तेवढा चौदाचा पाना सरकव."

हेरुतोमोनं पाना शोधून दिला, चुकीचा. खालून तो परत बाहेर आला. असं दोनतीनदा झालं. मग दोघंही हसायला लागले, आणि समारांगचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

बाजारच्या दिवशी ती हिरवी गाडी तळ्याला फेरी घालायची. पाक मंत्री शेजारी, पेटी मांडीवर. पेटीत काही नव्हतं, कापसाचा एक गोळा होता फक्त. गावोगावची माणसं दंड दाखवायची. ज्यांना वण नव्हते अशी आजची पोरंसुद्धा रांगेत उभी राहायची, आणि पाक मंत्री कापूस फिरवून "छान" म्हणायचे. वागिरानला ते चारचौघांत झापायचे, "सावकाश चालव, ही काही बैलांची शर्यत नाही!" तो "हो पाक" म्हणायचा. परत आल्यावर आता तो मला स्वप्नं सांगत नसे. कुठल्या गावात कोण भेटलं, कोणी मासळी दिली, कुठल्या वळणावरून तळं आख्खं दिसतं, हेच सांगायचा. रुबियाहनं त्याला जलपर्णीच्या दांड्यांची जाड चटई विणून दिली, गाडीखाली अंथरायला. मी चिडवलं तर कानाची पाळी लाल व्हायची. लग्नबिग्न काही झालं नाही. पण तिच्या घराचं छप्पर त्यानंच शाकारून दिलं.

अशी दोन-तीन वर्षं गेली. पाक मंत्री घरीच गेले, तापानं, बू राहायूंचा हात हातात असताना. निरोप द्यायला मीच रस्ता ओलांडून गेले. वागिरान गाडीखालून बाहेर आला, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तसाच ओल्या हातांनी उभा राहिला. पुढच्या बाजारच्या दिवशी गॅरेज बंद होतं आणि तो माझ्या बाकावर बसून होता, कुठे जायचं ते न कळून.

तेवढ्यात बू राहायू आल्या, चालत.

"लिक, ती गाडी अंगणात उभी राहून गंजेल."

"विकायची का, बू?"

"मला शिकवा."

पासष्टीची बाई. वागिराननं माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे.

त्या शिकल्या. आधी अंगणातलं पेरूचं झाड पाडलं, मग माझ्या टपरीचा एक खांब. गिअर बदलताना असा आवाज यायचा की वागिरानचे दात आवळले जायचे, पण तोंडातून शब्द नाही. महिन्यांनी का होईना, एका सकाळी हिरवी गाडी टपरीसमोर येऊन थांबली. बू राहायू चाकामागे होत्या, केस चापूनचोपून. मागच्या सीटवर रुबियाह आणि बाजाराला निघालेल्या दोन बायका, टोपल्या मांडीवर घेऊन.

"यू जुमिराह, येता का?"

"माझी चूल पेटलीय, बू."

"लिक?"

वागिराननं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. गाडी दोन धक्के खाऊन निघाली. मी बघितलं, तो मागे टेकला होता, आणि त्याचे डोळे मिटलेले होते. इथे कपाळावर थेंब पडणार नव्हता.